रमाई जयंतीला मुंबईच्या बंदरात

दुधनीहून आपली माणसे दरवर्षी मुंबईला जातात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक व्हायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके, कॅलेंडर घ्यायचे आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचे. मीही वीस-बावीस वर्षे असाच गेलो आणि असाच आलो. ज्या बंदरातून बाबासाहेब जगात गेले ते बंदर आपण पाहिलेलेच नाही, हे कधी मनात आले नाही. यंदा मात्र आमच्या विहारातील सहा कुटुंबांनी ७ फेब्रुवारीला, माता रमाईंच्या जयंतीदिनी, एक अख्खी लाँच भाड्याने घेऊन ते बंदर पाहिले. त्याची ही हकिकत.

विषय पहिल्यांदा विहाराच्या बैठकीत निघाला तेव्हा विरोधच झाला. “बोटीतून फिरायला आपण काय शेठ आहोत? त्या पैशात विहाराला दोन कपाटे पुस्तके येतील,” असे आमच्यातले एक जुने कार्यकर्ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी स्वतः आयुष्यभर वर्गणीच्या पावत्या फाडलेल्या माणूस. चैनीला पैसा नाही, हे वाक्य मीच शंभर वेळा बोललेलो. पण त्या दिवशी मागच्या चटईवर बसलेल्या आमच्या काकूने तोंड उघडले. “माझा मालक तीस वर्षं त्या बंदरात राबला. मला एकदा बोट बघायची हाय. केवढी असती ती?”

यावर कोणी काही बोलले नाही. मग असे ठरले की विहाराच्या वर्गणीला हात लावायचा नाही. प्रत्येक कुटुंबाने दरमहा साडेतीनशे रुपये बाजूला टाकायचे. सहा कुटुंबांचे वर्षाचे झाले २५,२००. त्यात एकवीस माणसांचे रेल्वेचे जाणे-येणे, बस, जेवण आणि लाँच एवढे सगळे बसले. १८० रुपये उरले, ते विहाराच्या पेटीत गेले. हिशोब लिहिण्याचे कारण एवढेच की, वाचणाऱ्या घरांना अंदाज यावा.

काकूची हकिकत थोडी सांगायला हवी. आमचे कालकथित काका तरुणपणी दुधनी सोडून मुंबईला गेले आणि गोदीत लागले. आपल्या भागात पाऊस बेताचा, जमीन नावापुरती. मुंबईतही गिरणी, रेल्वे आणि गोदी हीच आपल्या माणसांची ठिकाणे. काका टोळीत होते. हातात लोखंडी हूक, खांद्यावर फडके, गोण्या आणि पेट्या बोटीतून काढायच्या नाहीतर बोटीत भरायच्या. राहायला आठ-दहा जणांत एक खोली. त्यामुळे काकू गावीच राहिली. वर्षातून एकदा, फार तर दोनदा भेट.

त्यांचा पहिला मुलगा तीन वर्षांचा असताना तापाने गेला. दुधनीच्या स्टेशनातून तार केली. काका आले ते तिसऱ्या दिवशी. “बोट मोठी होती, तार हातात पडायला उशीर झाला,” एवढेच ते म्हणाले. काकूने तोंडाने काही म्हटले नाही, पण मनात ठेवले. तिने पाहिलेली बोट म्हणजे नदीतली होडी. त्या बोटीत माणूस असा कितीसा लांब असणार, की त्याला तार देता येऊ नये? तिला वाटले, नवरा थाप मारतो आहे. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. ते कसे कळले, ते पुढे येईलच.

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून आम्ही सकाळी दादरला उतरलो. चैत्यभूमीवर त्रिसरण-पंचशील घेतले. तेथून परळला बी.आय.टी. चाळीसमोर जाऊन उभे राहिलो. १९१२ पासून बावीस वर्षे बाबासाहेबांचे बिऱ्हाड या चाळीत होते. मग बसने गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज १९११ साली या किनाऱ्यावर उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. राजा आला त्याची कमान, आणि फौज गेली ती त्याच कमानीतून.

कमानीजवळ एका दलालाने आम्हाला गाठून दुप्पट भाडे सांगितले. पण काकांच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाने आमची लाँच आधीच ठरवून ठेवली होती. दुपारी दोनला ओहोटी होती. पायऱ्या शेवाळलेल्या. आधी एका लाँचमध्ये पाय टाकायचा, तिच्यातून दुसरीत जायचे आणि मग आपली. काकूला दोघांनी धरून उतरवले. तांडेल पन्नाशीचा, रापलेला माणूस. त्याने पहिल्यांदा माणसे मोजली आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावले. आमचा एक पोरगा कुरकुरला, तेव्हा तांडेलाने त्याला १८ डिसेंबर २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. पोरगा निमूट झाला. काकूच्या लुगड्यावर भगव्या रंगाचे ते जॅकेट आम्ही बांधले, तेव्हा ती हसून म्हणाली, “उन्हात कामाला निघालेल्या मुकादमासारखी दिसते का रं मी?”

इंजिन धडधडू लागले आणि किनारा मागे सरला. आमच्यातली एक कानडी मुलखातून आलेली सून, जी चार माणसांत कधी बोलत नाही, ती एकदम म्हणाली, “एष्टु नीरु!” केवढे हे पाणी! उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लावणाऱ्या बाईच्या तोंडून ते निघाले. मला महाड आठवले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आणि त्या काळी सनातनी मंडळींनी समुद्र ओलांडायलाही बंदी केली होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे ते म्हणत. तळ्याला शिवायचे नाही असे ज्यांना बजावले होते, त्यांच्यातला एक तरुण मात्र समुद्र ओलांडून गेला.

लाँच उत्तरेला वळली. डाव्या हाताला नौदलाची गोदी. तिथे फोटो काढायचे नाहीत, असे तांडेलाने बजावले. तिच्यापुढे बॅलार्ड पिअर. विलायतेची डाकबोट लागायची तो हा धक्का. आता तेथे मोठ्या क्रूझ जहाजांचे टर्मिनल आहे. मी मुलांना तारखा सांगितल्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब मुंबईहून अमेरिकेला निघाले, जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले. १९१७ साली परतताना ते कोलंबोला उतरून रेल्वेने मुंबईला आले. पुस्तके मात्र दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट महायुद्धात पाणतीर लागून बुडाली. १९२० साली शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते लंडनला गेले. ४ ऑक्टोबर १९३० ला ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेला, आणि १५ ऑगस्ट १९३१ ला ‘मुलतान’ या बोटीने दुसऱ्या परिषदेला. “१५ ऑगस्ट?” मुलांनी विचारले. होय, स्वातंत्र्य मिळायला तेव्हा बरोबर सोळा वर्षे होती.

“आणि रमाई?” काकूने विचारले.

प्रश्न बरोबर होता. जयंती रमाईंची आणि मी जाणाऱ्याचीच गोष्ट सांगत होतो. रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. म्हणजे रमाई बंदरावरच्या हमालाची लेक. आईवडील लहानपणीच गेले आणि ती मुंबईत मामा-काकांकडे आली. बाबासाहेब अमेरिकेला निघाले तेव्हा यशवंत सहा-सात महिन्यांचा होता आणि सासरे रामजी सुभेदार नुकतेच, फेब्रुवारीत, वारलेले होते. पुढे पोटची लेकरे एकामागून एक गेली. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली, राजरत्न १९२६ साली गेला. त्यांतली काही दुःखे त्या माउलीने नवरा सातासमुद्रापलीकडे असताना सोसली. जहाजातून जाणाऱ्याची तारीख ग्रंथात असते. किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईची तारीख कोण लिहितो?

काकू काही बोलली नाही. पाण्याकडे पाहत राहिली.

बॅलार्ड पिअरच्या पुढे इंदिरा डॉक लागतो. जुने नाव अलेक्झांड्रा. काका शेवटपर्यंत ‘अलिझांड्रा’च म्हणायचे. १९१४ साली तो सुरू झाला. दार उघडते, बोट आत जाते आणि दार लागते, म्हणजे ओहोटीलाही आतले पाणी उतरत नाही. त्याच्या पलीकडे व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या जुन्या गोद्या होत्या. त्या आता भरून काढल्या आहेत. याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला, भीमजयंतीच्याच दिवशी, ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. एकाच बोटीत कापूस आणि दारूगोळा ठेवला होता. शेकडो माणसे गेली. आग विझवणारे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा देशाचा अग्निशमन दिनही आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पुढे १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि रोजच्या रोज दारात उभे राहून मुकादमाची मर्जी धरण्याची पद्धत मोडायला सुरुवात झाली. काका त्या कायद्यानंतरचे, म्हणून त्यांना हजेरीचे कार्ड तरी मिळाले.

तेथून लाँच पूर्वेला, खोल पाण्याकडे निघाली. नांगर टाकून एक मालवाहू जहाज उभे होते. दुरून ते बेटासारखे दिसले. जवळ येता येता त्याने आमच्यावरचे ऊन अडवले. गंजलेली लोखंडी भिंत सरळ वर गेलेली. मान मागे टाकली तरी वरचा माणूस ठिपक्याएवढा. तांडेलाने सुरक्षित अंतरावर लाँच मंद केली.

काकूने त्याला विचारले, “माल कुठं असतो हिच्यात?”

“पोटात, मावशी. चार-पाच मजली घर मावंल एवढं खोल. अशी चार-पाच पोटं असतात. पूर्वी माणसं शिडीने आत उतरायची. वर विंचचा आवाज, खाली धूळ. वरून हाक मारली तरी ऐकू यायची नाही. पाळी संपल्यावरच माणूस वर.”

“मग कुणाची तार आली तर?”

तांडेल क्षणभर थांबला. “पाळी सुटंपर्यंत कोण शोधणार, मावशी? कुठल्या बोटीत, कुठल्या पोटात, कुणाला माहीत?”

काकू बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिली. मग पदराने तोंड पुसून तिने आम्हाला ती तारेची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, “बोट मोठी होती म्हणाला, ते खरं होतं. मी आपलं चाळीस वर्षं त्याला खोटा धरला.” लेकी-सुना तिच्या भोवती सरकल्या. कोणी समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखे काही उरले नव्हते.

परतीच्या वाटेवर तांडेलाने पूर्वेकडे घारापुरीच्या दोन टेकड्या दाखवल्या. बोटींतून लोक जातात ते तेथील शंकराची लेणी पाहायला. पण पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत आणि त्या टेकडीला स्तूप टेकडीच म्हणतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्तरेला २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू समुद्रावर आडवा दिसत होता. पलीकडे न्हावा-शेवा. आता पेट्या क्रेनने उचलतात. काकांच्या हूकाला तिथे काम नाही.

सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे उतरत असताना आम्ही लाँचमध्येच उभे राहून वंदना घेतली. काकूने पाण्यात दोन फुले सोडली. एक रमाईंच्या नावाने. दुसरे कोणाच्या नावाने, ते कोणी विचारले नाही.

ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पावसाळ्यात समुद्रात जाऊ नये. लाँच ठरवण्यापूर्वी तिचा परवाना आणि किती माणसांची मुभा आहे ते पाहावे. त्यापेक्षा एकही माणूस जास्त बसवू देऊ नये. भाडे आणि तास आधी कागदावर लिहून घ्यावेत. लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचे मागून घ्यावे. भरतीची वेळ विचारावी, म्हातारी माणसे असतील तर भरतीलाच चढवावे. आणि घरात गोदीत, गिरणीत, रेल्वेत राबलेल्या माणसाची म्हातारी असेल, तर तिला पहिल्यांदा न्यावे.

परत आल्यावर कपाटांची बाजू मांडणारे ते जुने कार्यकर्ते मला भेटले. म्हणाले, “कपाटं पुढच्या वर्षी घेऊ. माझी बहीण विचारत होती, पुन्हा लाँच कधी?” मी वहीत साडेतीनशेचा नवा रकाना आखला आहे. पहिली पावती त्यांच्याच नावाची आहे.

जयभीम.