उलटी वाहणारी नदी आणि शर्यतीचं गणित

लंडनच्या नैर्ऋत्य भागात पटनी नावाचा पूल आहे. त्यावरून खाली टेम्स नदीकडे बघितलं, तर कधीकधी माणूस बुचकळ्यात पडतो. नदी उलटी वाहतेय की काय? होय मित्रांनो, खरंच उलटी! समुद्राची भरती इथवर येते आणि पाणी काही तास वरच्या अंगाला धावतं. या भरतीवर स्वार होऊन ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या नावा शर्यत लावतात. पहिली शर्यत १८२९ साली हेन्लीला झाली. आता ती पटनी ते मॉर्टलेक अशी जवळजवळ ६.८ किलोमीटरची असते.

चला, काठाकाठाने चालू या.

नाव लांबलचक, पण अगदी अरुंद. आठ वल्हेकरी बसतात ते पाठमोरे! पुढचं दिसतं फक्त नवव्याला, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्या कॉक्सला. म्हणून नावेच्या टोकाला रबरी चेंडू असतो, टक्कर झालीच तर कुणाला टोक भोसकू नये म्हणून. वल्हेकऱ्यांचे बूट नावेलाच बसवलेले असतात. मग नाव उलटली तर? बुटांच्या टाचा आखूड दोरीने बांधलेल्या असतात. पाय ओढला की बूट तिथेच राहतो आणि पाय सुटतो. आहे की नाही गंमत?

अशा युक्त्या सुचतात कशा? शर्यत भरवणारी मंडळी आधी कागद घेऊन बसतात. काय काय बिघडू शकेल, त्याची यादी करतात. प्रत्येक संकटाला दोन आकडे देतात : शक्यता किती आणि नुकसान किती. मग गुणाकार! नमुन्यादाखल बघा. वल्हं मोडणं : शक्यता ३, नुकसान २, गुणाकार ६. नाव बुडून गार पाण्यात पडणं : शक्यता २, नुकसान ५, गुणाकार १०. म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टीची काळजी आधी घ्यायची! त्यासाठी बचाव नौका मागोमाग ठेवतात. वल्हेकऱ्यांनाही एक धडा घोटून शिकवतात : नाव उलटली तर ती सोडून पोहत सुटू नका, धरून राहा. गार पाण्यात हातपाय लवकर बधिर होतात; नाव मात्र तरंगते आणि लांबून दिसते.

पुढे हॅमरस्मिथचा झुलता पूल लागतो. १८८७ सालचा हा पूल तडे गेल्यामुळे धोक्याचा ठरला होता. त्यात कोरोनाची साथ. म्हणून २०२१ची शर्यत टेम्सवर झालीच नाही. ती ईलीजवळच्या ग्रेट ऊझ नदीवर नेली.

त्यापुढे चिझिकचं बेट. २०१२ साली दोन्ही नावा भरधाव येत असताना इथे एक माणूस पाण्यात पोहताना दिसला. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवलेले मॅथ्यू पिन्सेंट तेव्हा सहायक पंच होते. त्यांनी त्याला पाहिलं, पंचांना सावध केलं आणि शर्यत थांबवली गेली. वल्ही त्या माणसाच्या डोक्याजवळून गेली, पण तो वाचला. सुमारे अर्ध्या तासाने शर्यत पुन्हा सुरू झाली.

बार्न्सच्या रेल्वे पुलाकडे वारा चांगलाच झोंबतो. भरतीच्या विरुद्ध वारा सुटला की लाटा उसळतात. १९१२ साली तर दोन्ही नावांत पाणी भरलं आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली! २०१६ साली महिलांच्या शर्यतीत केंब्रिजची नाव पाण्याने भरत आली, पण नावेतल्या पंपाच्या जोरावर त्यांनी शर्यत पुरी केली.

आणि हे मॉर्टलेक! जिंकलेला संघ आपल्या कॉक्सला पाण्यात फेकतो, अशी इथली प्रथा. पण २०२४ साली पाण्यात घातक जंतू आढळले आणि ही मजा टाळा, असं संघांना सांगण्यात आलं.

शाळेची सहल नदीवर निघाली, की तुम्हीही आई-बाबांबरोबर वहीत तीन रकाने आखा. काय बिघडू शकेल, शक्यता किती, नुकसान किती. मग गुणाकार करा. फार मोठा आकडा आला आणि त्यावर उपाय सापडला नाही, तर सरळ सांगा, ‘आज पाण्यात उतरायचं नाही!’ असं सांगणारा भित्रा नसतो बरं का. टेम्सवर त्यालाच पंच म्हणतात.