फरशीखालची माती

मे महिन्यात आमचं पेठेतलं जुनं घर पाडलं. ते विकून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मला कळवायचं कुणाला कारणही नव्हतं. भाजी घेऊन मी त्या बोळातून चालले होते. धूळ बसावी म्हणून कामगार ढिगाऱ्यावर पाणी मारत होते, आणि तापलेल्या शहाबादी फरशीवर पाणी पडलं की जो वास सुटतो तो आला. मी तिथेच थांबले. मुकादमाला म्हटलं, या फरश्या मला पाहिजेत.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आमचं संध्याकाळचं अंगण म्हणजे तो वास. कपडे खळबळलेलं पाणी आई राखून ठेवायची आणि दिवस कलला की फरशीवर मारायची. पहिलं पाणी फरशी पिऊन टाकायची. दुसऱ्यानं वाफ निघायची. तिसरं मारलं की मग अंथरुणं. या दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याच्या मधे आई बोट बुडवून मला फरशीवर अक्षरं काढून दाखवायची. करड्या दगडावर ओलं अक्षर काळंभोर उमटायचं आणि बघता बघता नाहीसं व्हायचं. ‘वाळायच्या आत गिरव,’ म्हणायची. आईचं दुसरं काही आठवायला गेले तरी हेच आधी पुढे येतं.

टेम्पोभर फरश्या जुळे सोलापुरातल्या आमच्या परसात उतरल्या, तेव्हा जो तो सल्ला द्यायला लागला. सिमेंटचा कोबा करून टाका, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवा, एका दिवसात काम. शेजारी एक म्हातारे गवंडी राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. गुडघे गेल्यामुळे त्यांनी काम सोडलंय. त्यांना विचारलं, मी स्वतः घातल्या तर जमेल का? त्यांनी फरशीकडे पाहिलंही नाही. काठीनं जमीन उकरली. ‘अक्का, माती काळी हाय. आधी ही काढा. दगुड काय, बसतोय की.’

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काही घातलं की ती दर वर्षी ते उचलते आणि दर वर्षी खाली सोडते. म्हणून ती दीड फूट खोल काढली. दोन पोरं खणायला होती, घमेली मीही वाहिली. मग मुरूम. तो एकदम ओतायचा नाही. सहा इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं, मग पुढचा थर. धुम्मस मी केलं. खांदे भरून आले, पण मुरूम दबत जातो तसा त्याचा आवाज बदलतो, भद्द वाजणारी जमीन टणक वाजायला लागते, आणि तो आवाज ऐकू येईपर्यंत हात थांबवावासा वाटत नाही. वर दोन इंच दगडाची कच पसरली. लेव्हल पाण्याच्या पारदर्शक नळीनं काढली: दोन टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं, त्यावरून दोरी बांधायची. ढाळ घरापासून लांब, दर पाच-सहा फुटांना एक इंच. मामा खुर्चीत बसून दोरीवर डोळा ठेवून होते. एखादी फरशी ठोकल्यावर पोकळ वाजली की तिकडूनच हात वर करायचे. मी ती उचलून खाली कच सारायचे.

गंमत बघा, सोलापूर बसलंय काळ्या पाषाणावर, ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर. त्या दगडाच्या अशा पातळ लाद्या निघत नाहीत. शहाबादी हा चुनखडक. प्राचीन समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर बसत गेला, म्हणून तो छिन्नीनं थराथरांत सुटतो. डायनासोरांच्या कितीतरी आधीचा आहे तो. १८७१मध्ये मुंबईकडून आणि मद्रासकडून आलेले रूळ रायचूरला जुळले. हा दगड जिथला, ते शहाबाद आणि सोलापूर दोन्ही त्याच मार्गावर, म्हणून तो आमच्या अंगणापर्यंत पोचला. माझ्या आईनं त्या समुद्राच्या तळावर मला ‘अ’ शिकवला, हे खणताना मनात आलं आणि मग जाईना.

कोब्यावर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्या कॉलनीत एकेक करून सगळी अंगणं सिमेंटनं बुजली. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आकाशातून फुकट आलेलं पाणी आपण गटाराला लावतो. झाडाच्या बुंध्यालासुद्धा गळ्यापर्यंत सिमेंट. माझ्या फरशीच्या दरजा मी कचीनंच भरल्या. जुलैत पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी छत्री घेऊन बघत उभी होते. थोडं पाणी ढाळावरून शेवग्याकडे गेलं, बाकीचं दरजांतून खाली. तळं कुठेही साचलं नाही.

फरश्या लावताना एकीवर पांढुरकं गोल वळं दिसलं. चुनखडकाला आंबट चालत नाही. लोणच्याच्या बरणीचा रस ओघळला की तो तेवढा दगड खातो, आणि मग ते कशानंही निघत नाही. ही स्वयंपाकघरातली फरशी. अंगणातली कुठली ते ओळखायला काहीच खूण नव्हती. पाण्यानं लिहिलेलं होतं ते. मी प्रत्येक फरशी ओली करून पुसली, हे मात्र खरं.

काढलेल्या काळ्या मातीचा ढीग भिंतीशी तसाच पडला होता. ट्रॅक्टरवाला न्यायला तयार होता. मामा म्हणाले, ‘असली माती टाकत्यात व्हय?’ आणि ते बरोबर होतं. फरशीची वैरीण असलेली हीच माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, म्हणून इकडे ज्वारी हिवाळ्यात नुसत्या ओलीवर येते. आईचं माहेर मंगळवेढ्याचं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. मालदांडी ज्वारीतून निवडलेलं एम ३५-१ हे वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळचं. ढीग मी पसरून वाफा केलाय, चार हात लांब. मामेभावाला फोन करून मूठभर बी मागितलं, तर तो म्हणाला, मूठभर कशाला, शेर देतो, पण पेरायला मी येणार, तुला खोली कळायची नाही. सप्टेंबर संपत आलाय. रविवारी येतोय तो.