तारखेचा खाडा

वरणगावात आमच्या केळीच्या बागेत एक पावरा सालदार आहे. खानदेशात साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. ज्वारी किती, उचल किती हे तेव्हाच बोलून होतं. यंदा त्याने आधी एकच अट घातली. "नाना, कोर्टाच्या तारखेचा खाडा धरू नका."

सातपुड्यात, यावलच्या वरच्या अंगाला त्याच्या घरची दोन एकर उतरण आहे. तिच्यावरून बापलेकांवर राखीव वनात अतिक्रमण केल्याचा खटला आहे. एका तारखेला मीही सोबत गेलो. म्हातारा आदल्या संध्याकाळी पाड्यावरून चालत उतरला होता आणि एसटी स्टँडवरच झोपला होता. दुपारपर्यंत आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. पुकारा झाला, साक्षीदार आला नव्हता, पुढची तारीख मिळाली. वकिलाची फी, गाडीभाडं, दोघांचा रोज, सगळं त्या एका ओळीत गेलं. निकालाआधीच शिक्षा चालू आहे, हे मला तिथे कळलं.

म्हाताऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. वनहक्क दाव्याची पोच आणि घड्यांवर फाटलेल्या, कार्बनची शाई विटलेल्या वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या. वनहक्क कायदा २००६ चा आहे. आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल तर चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क मान्य होतो, आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला तिथून हुसकावता येत नाही. बाप तेव्हाही ती जमीन कसत होता, हे त्याच दंडाच्या पावत्या सांगतात. ज्या खात्याने पावती फाडली, त्याच्याच कागदावर या माणसाचा हक्क उभा आहे. तरी दावा 'पुरावा अपुरा' म्हणून फेटाळला गेला.

माझा संताप इथे होतो. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं करारावर कागद कारखान्याला जात राहिला. तिथल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला मात्र २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावरही स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. कारखान्याला करार आणि राबणाऱ्याला गुन्हा, हा न्याय मला मान्य नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा सालदार रात्री दारात आला होता. "नाना, जमीन जाईन का मंग?" पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीला, आदेशाला स्थगिती मिळाली, तोवर त्याच्या घरात कुणाला झोप नव्हती.

आता जिल्हास्तरीय समितीकडे अपील केलं आहे. अर्ज मी लिहिला. ग्रामसभेचा ठराव, पाड्यावरच्या दोन वृद्धांचे जबाब आणि त्या पावत्यांच्या प्रती जोडल्या. खटला चालूच आहे. पुढची तारीख ऐन केळी कापणीत येते. त्या दिवशी मजूर दुसरा लावीन. त्याचा खाडा धरणार नाही.