हजेरी

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझे वाचन सुटले. दृष्टीत दोष नव्हता, चष्म्याचा नंबरही तोच होता. परंतु पान उघडून चार ओळी होतात न होतात तोच चित्त अन्यत्र निघून जाई, आणि पानाच्या अखेरीस पोचल्यावर आपण काय वाचले याचा कसलाही दाखला मजपाशी उरत नसे. ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास ही अवस्था किती दुःसह वाटते, हे ती भोगल्याशिवाय कळणार नाही.

त्याच सुमारास वेरूळला जाताना खुलताबादेस मुक्काम घडला. कवी अमीर हसन सिज्झी तेथे चिरनिद्रा घेत आहेत. दिल्लीस हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकींत बसून 1308 पासून 1322 पर्यंत त्यांनी जे ऐकले, ते ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवले. चौदा वर्षे एका मनुष्याचे बोलणे ऐकत राहणारे ते चित्त कसे असेल, या विचारात मी उभा असताना एक वृद्ध खादिम मजारीवरच्या चादरीवरून सुकलेल्या गुलाबपाकळ्या दोन बोटांनी एकेक उचलून पितळी तबकात ठेवीत होते. माझी व्यथा त्यांनी ऐकून घेतली आणि हात न थांबविता विचारले, “मास्तर, शाळेत पोरांची हजेरी घेत होता, किताब उघडताना आपली घेतली का कधी?”

सूफी ज्यास हुजूर-ए-कल्ब, म्हणजे हृदयाची उपस्थिती, म्हणतात, त्याच धातूपासून आपले हजर, हुजूर आणि हजेरी हे शब्द आले. त्यांची गफलत आपल्या ‘गाफील’मध्ये आहे. ही साधनेची भाषा तीस वर्षे मी हजेरीपटावर लिहीत होतो, आणि तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता. बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापन करणाऱ्या इमाम गझालींची वाचा 1095 साली शिकवितानाच बंद पडली, तेव्हा हकिमांनी विकाराचे मूळ हृदयात आहे असे सांगितले. आपल्या अध्यापनामागे कीर्तीची अभिलाषा आहे, हे गझालींनी स्वतःच ओळखले होते. मीही अंतर्मुख होऊन पाहिले. कित्येक वर्षे मी व्याख्यानासाठी उतारे वेचीत होतो. ग्रंथापाशी केवळ ग्रंथासाठी बसलोच नव्हतो.

आता पहाटे एकच परिच्छेद घेतो. चित्त निघून गेले की त्यास दटावीत नाही. ओळीवर बोट ठेवून थांबतो, ते परतले की त्याच शब्दापासून पुढे जातो. काल दीड पान झाले, आणि ते रात्री निजतानाही मजजवळ होते.