पाळीवरून धूपगडाकडे

11 जानेवारी
पचमढीचा विषय आज बाबांनी स्वतःच काढला. मी वही घेऊन बसले. ते डोळे मिटून सांगत गेले. सानगडी, साकोली, लाखनी, कारध्याचा पूल, मौदा, नागपूर, सावनेर, केळवद. तिथून पुढे मध्यप्रदेश. सौंसर, रामाकोना, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. एकही गाव मागेपुढे झालं नाही. चहा कुठे चांगला मिळतो तेही लिहून घ्यायला लावलं. त्या टपऱ्या आता असतील का, देव जाणे.
सगळं मिळून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास.

12 जानेवारी
बाबांचे डोळ्यांचे रात्रीचे थेंब राहून गेले. "विसरलो" म्हणाले. बाटली टेबलाच्या उजव्या कडेला होती.

14 जानेवारी
संक्रांत. जेवताना भाऊ म्हणाला, "रोवण्याच्या दिवसात कोणी फिराले जाते का?" उन्हाळी धानाचे परहे तयार होत आलेत, त्याचंही खरं आहे. बाबा भात कालवत राहिले. आई म्हणाली, महादेवाचं नाव काढलं आहे, आता मागे घ्यायचं नाही.

17 जानेवारी
नकाशा बघितला. वहीतली गावं तीच, रस्ता मात्र तो राहिला नाही. साकोली, लाखनी दोन्हीकडे उड्डाणपूल. नागपुरात शिरायचंच कारण नाही, बाहेरच्या वळणरस्त्याने थेट कोराडीकडे निघता येतं.
बाबांना सांगितलं. "म्हणजे बर्डी नाही लागत?" एवढंच विचारलं.

18 जानेवारी, रविवार
गाडी मला येते. घाट येत नाही. आपला हा मुलूख बांध्यांचा, सपाट. चढ म्हणून काय तर तलावाची पाळ. सकाळी तिथेच सराव केला. अर्ध्या चढावर थांबवायची, पुन्हा उचलायची. मागे घसरते, बंद पडते. जाळी आवरणारे ढिवर हातातलं काम टाकून बघत होते.
बाबा बाजूला बसून: "क्लच पकडते तेव्हा पायाले समजते. खाली नको पाहू." "ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतरशील." "चढणाऱ्या गाडीले पहिले वाट द्यायची."
शेवटी शेवटी जमलं. ते काही बोलले नाहीत. चूक नसली की ते बोलत नाहीत.

21 जानेवारी
चौथीच्या वर्गात भिंतीवरचा नकाशा काढला. "मॅडम, धूपगड आपल्या किल्ल्याएवढा आहे का?" या मुलांनी पाहिलेली उंची तेवढीच. फळ्यावर लिहिलं: पचमढीचा धूपगड 1352 मीटर, कळसूबाई 1646. सातपुड्यात धूपगडाहून उंच काही नाही.
मग नद्यांवर गेलो. आपली चुलबंद वैनगंगेला मिळते. वैनगंगा सातपुड्यातलीच, सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम. ती पुढे गोदावरीच्या पाण्यात. पण पचमढीखालून वाहणारी देनवा जाते तव्याला, तवा नर्मदेला. एकाच डोंगराचं पाणी, निम्मं बंगालच्या उपसागरात, निम्मं अरबी समुद्रात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, पाणी कुठे वेगळं होतं ते रस्त्यावरून दिसेल का? तामियाच्या आसपास कुठेतरी असणार. बघून येते म्हणाले.

24 जानेवारी
नागपूर, डोळ्यांची तपासणी. अंधाऱ्या खोलीत बाबा, ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ लागला. कागद हातात आला. मागच्या वर्षीचा शेजारी ठेवला. कडेचा काळा भाग आत सरकला आहे. मधलं अजून साफ आहे.
डॉक्टर म्हणाले, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. थेंब एक दिवस चुकवायचा नाही. मी पचमढीचं विचारलं. "जा ना. पुढच्या वर्षावर टाकू नका."
परतताना एसटीत बाबा पूर्ण मान वळवून खिडकीबाहेर बघत होते. लाखनीपर्यंत.

25 जानेवारी
भाऊला दोन्ही कागद दाखवले.

1 फेब्रुवारी
दुपारी ओट्यावर. मी विचारलं, धूपगडावरून कसं दिसतं? म्हणाले, पाहिला नाही.
इतकी वर्षं यात्रा स्पेशल नेली. शिवरात्रीला, नागपंचमीला नागद्वारीच्या वेळी. धूपगड नाही, जटाशंकर नाही, चौरागड तर नाहीच. पॅसेंजर उतरले की गाडीखाली चटई टाकून झोपायचं, भरली की निघायचं. "अन् घाटात?" "घाटात नजर रस्त्यावर. बाजूले पाहणारा ड्रायव्हर माणसं मारते."
आईलाही हे माहीत नव्हतं. तिने आतून येऊन पुन्हा विचारलं, खरंच नाही पाहिला?
रात्री झोप नाही. परवा परवापर्यंत मी त्यांना परत नेत आहे असं मनात धरून होते.

4 फेब्रुवारी
भाऊने पुढचे दोन्ही टायर नवे टाकून आणले. रोवण्याच्या बायांना 9 तारीख दिली आहे म्हणाला. म्हणजे आम्ही निघायच्या आत आटोपेल.

7 फेब्रुवारी
तारीख ठरली. महाशिवरात्र 15 ला. तेव्हा चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेतलेल्या नवसकऱ्यांचा लोंढा असतो. त्या गर्दीत बाबांना बाजूचं माणूस दिसणार नाही. आई शिवरात्रीला आपल्याकडच्या प्रतापगडला जाईल, गावातल्या बाया आहेतच. पचमढी त्यानंतर.
19 ला शिवजयंती. शाळेतला कार्यक्रम आटोपला की निघायचं. 20, 21 रजा टाकली. घाट अंधारात नको, म्हणून पहिला मुक्काम छिंदवाडा.

8 फेब्रुवारी
आईची यादी: स्टोव्ह, कणीक, वांगी, तूप. रोडगे तिथेच करणार. माझी यादी: थेंबांच्या दोन्ही बाटल्या, त्यातली एक गार ठेवावी लागते, त्यासाठी थर्मास आणि बर्फ. बॅटरी. कागदांची फाईल. बाबांची यादी: जॅक, पाना, दोरी, दगड. चाकाला लावायला दगड घरून न्यायचा. वाटेत ऐन वेळी सापडत नाही, त्यांचं म्हणणं.

11 फेब्रुवारी
धूपगडावर आपली गाडी नेता येत नाही. तिथली जिप्सी करायची. पुढची सीट मागून घ्यावी लागेल.
लोक जातात सूर्यास्ताला. मी बराच विचार केला. कमी उजेडात बाबांना फार कमी दिसतं. अंगणातही संध्याकाळी भिंतीला हात लावून चालतात. दुपारी तीनलाच वर पोचायचं. भर उन्हात सगळ्या रांगा दाखवायच्या, एक एक. सूर्य मावळायच्या आत खाली. गाडीवाला हसला तर हसू दे.

13 फेब्रुवारी
सकाळी पाळीवर. पट्टकादंब अजून आहेत. हिमालय ओलांडून येतात, मार्चपर्यंत बहुतेक जातील. बाबांना आवाज आला. "कुठं?" मी खांदे धरून त्यांना वळवलं, थोडं आणखी. "हां. दिसले." किती आहेत तेही मोजून सांगितलं. बरोबर होतं.

15 फेब्रुवारी
आई प्रतापगडहून रात्री आली. पाय सुजलेत, चेहरा उजळ. महादेवाचं झालं, तिथल्या दर्ग्यावरही जाऊन आली.

16 फेब्रुवारी
भीती वाटते. सिल्लेवानीत समोरून ट्रक आला आणि पाय थरथरला तर.

17 फेब्रुवारी
भाऊ संध्याकाळी म्हणाला, चल, पाळीवर जाऊ. मागच्या सीटवर धानाची पोती टाकली, गाडी जड केली. चढवली, थांबवली, उचलली. घसरली नाही.

18 फेब्रुवारी
सामान भरून झालं. दगडही. बाबा पुढे बसणार. मी म्हटलं, वळणं आधीपासून सांगत जा, ब्रेक कुठे, हॉर्न कुठे.
"मटकुलीपर्यंत सांगतो," म्हणाले. "मटकुलीच्या पुढं मले काही विचारू नको."
"काहून?"
"मी बाहेर पाहीन."