सासरी आली, नाव माहेरचंच!

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी सांगतो, "स्टीलमध्ये आहे." सगळ्या आयटीवाल्यांत पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे भांड्यांचं दुकान?"

नाही हो! पोलादाचा कारखाना टनावारी वजनाची गुंडाळी विकतो. वर्कशॉपला हव्या असतात चार पट्ट्या, त्याही उद्या सकाळी. त्या दोघांच्या मधला आमचा धंदा. गुंडाळी उलगडायची, सपाट करायची, मापात कापायची आणि ट्रकने पोचवायची. माझे वडील मुंबईला दारूखान्यात एका लोखंडवाल्याकडे हिशेब लिहायचे. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्या शेठजींचंच काम, फक्त एअर कंडिशनमध्ये."

लॉस एंजेलिसजवळच्या ज्या घरगुती कंपनीत मी होतो, ती २०१४ साली एका मोठ्या कंपनीने घेतली. मालक सत्तरीचे, मुलांना धंद्यात रस नाही. मला घोर वेगळाच. ग्रीन कार्डाची फाईल जुन्या कंपनीच्या नावावर. नावच पुसलं गेलं तर फाईल कुणाची? त्या आठवड्यात सौ.ने नव्या सोफ्याची ऑर्डर रद्द केली.

झोप येईना म्हणून आमच्या धंद्यातल्या विलीनीकरणांचं वाचत बसलो. त्यात भेटली रिलायन्स स्टील. अंबानींची नव्हे, इथलीच! १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला बांधकामाच्या सळ्यांपासून सुरुवात, १९५६ मध्ये नावात ॲल्युमिनियमची भर, १९९४ मध्ये शेअर बाजारात प्रवेश आणि मग खरेदीचा सपाटा. २००६ मध्ये अर्ल एम. जॉर्गेनसन, २००८ मध्ये पीएनए ग्रुप, २०१३ मध्ये मेटल्स यूएसए. शेवटचे दोन सौदे तर कर्ज धरून प्रत्येकी एक अब्ज डॉलरच्या वरचे. मोठेपणाचा फायदा उघड आहे. कारखान्याशी भाव करता येतो, आणि एका गोदामात नसलेला माल दुसऱ्यातून देता येतो.

पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. घेतलेल्या बहुतेक कंपन्यांची नावं आणि माणसं रिलायन्सने तशीच ठेवली. कारण गिऱ्हाईक ओळखीच्या माणसाला फोन करतं.

आमच्याकडे उलटं झालं. महिन्याभरात जुनी पाटी उतरली. तीस वर्षं करवतीवर असलेला, प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप तोंडपाठ असलेला आमचा म्हातारा फोरमन घरी बसला. वर्षभरात कितीतरी गिऱ्हाइकंही गेली. सौद्यात यंत्रं आली, माल आला, फोरमनच्या डोक्यातली वही मात्र आली नाही.

माझी फाईल वाचली. वकिलीणबाई म्हणाल्या, नव्या कंपनीने जुनीची देणी-जबाबदाऱ्या घेतल्या असतील तर तीच वारस. फक्त तसं पत्र हवं. ते पत्र मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आम्ही घरात मोठ्याने हसलो नाही.

सौ.ने लग्नात आडनाव बदललं नाही, तेव्हा आमच्या घरी थोडी कुरकुर झाली होती. रिलायन्सची गोष्ट सांगितल्यावर तिने एवढंच म्हटलं, "बघा!" २०२४ मध्ये रिलायन्सने आपल्याच नावातलं 'स्टील अँड ॲल्युमिनियम' काढून टाकलं. जॉर्गेनसनचं नाव मात्र कायम आहे.

घरधन्याने नाव बदललं, सुनेने नाही! सोफा तेवढा अजून यायचाय.