गारगोटीतलं सोनं

डोणगावात विहीर खणताना पांढरी, चमकणारी गारगोटी निघाली की कुणीतरी विचारतंच, "भाऊ, याच्यात सोनं असन का?" मी भूविज्ञानाचा माणूस, आणि याच गावचा. या प्रश्नाचं उत्तर मला इथल्या विहिरीपेक्षा नागपूरपलीकडच्या साकोलीच्या वाटेवर द्यायला आवडतं. मेहकरहून समृद्धी महामार्गानं नागपूर लवकर येतं, पण दगड बघत जायचं तर मालेगाव, कारंजामार्गे जुना रस्ताच बरा.

नागपूरपर्यंत बहुतेक सगळा आपलाच काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत, लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर त्यातच आहे. या पाषाणात सोनं असतं ते नगण्य आणि विखुरलेलं. ते एकवटायला खोलातलं तापलेलं पाणी भेगांमधून वर यावं लागतं. आपली गारगोटी लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर, कमी उष्णतेत साकळली. ती देखणी आहे, पण सोनं तिच्या वाट्याला आलं नाही.

सीताबर्डीची टेकडी मागे पडली की दगड बदलतो. पुढचे खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने. लाखनीच्या पुढे दोन्ही बाजूंना नागझिरा-नवेगावच्या जंगलातले डोंगर, पायथ्याशी धानाच्या बांध्या आणि कोहळी समाजानं बांधलेले तलाव. विदर्भात इतका सुंदर रस्ता मला दुसरा ठाऊक नाही. जुन्या ज्वालामुखींची राख आणि गाळ दाबाखाली दुमडून इथले खडक झाले, आणि त्यांच्या भेगांत तशाच तापलेल्या पाण्यातून गारेच्या शिरा भरल्या. याच पट्ट्यात कुही-खोबन्याला टंगस्टन आहे आणि परसोडी, मरूपार परिसरात सोन्याच्या खुणा. कर्नाटकातल्या कोलारसारखी, जमिनीखाली तीन किलोमीटर गेलेली आणि २००१ साली बंद पडलेली खाण मात्र इथे झाली नाही.

इथलं सोनं ओळखलं ते नदीच्या रेतीतून सोनं धुणाऱ्या सोनझारींनी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. रेती लाकडी पाटीत घेऊन पाण्यात गोल फिरवायची. हलकी वाळू निघून जाते, तळाशी काळी लोहरेती उरते आणि तिच्याखाली सोन्याचा कण. गारेची घनता पाण्याच्या २.६५ पट, सोन्याची १९.३ पट, सगळी किमया या फरकाची. पुरानंतर नदीच्या वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळखडकाच्या फटीत, जिथे धार मंदावते तिथेच जड कण बसतात. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवतो. सोनझारींना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता यातली काही कुटुंबं शहरात सराफ्याच्या गटारांतला गाळ धुऊन पोट भरतात. ज्या म्हाताऱ्यांना नदीची ती वळणं अजून आठवतात, त्यांना सोबत घेऊन ती नकाशावर आणायला हवीत, आणि नकाशावर नाव त्यांचं हवं.